अंगठ्याची किंमत

कामावर असताना माणसाला इजा झाली, तर मालकाने त्याची भरपाई द्यायची, असा कायदा आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वीच झाला. १९२३ साली तो मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. तरी अजून गावोगाव असेच ऐकू येते, "मालक भला असेल तर देईल, नाहीतर आपलं नशीब." मंडळी, हे खरे नाही. भरपाई ही कुणाची मेहेरबानी नव्हे. ती मजुरीसारखीच हक्काची आहे. मग ती मिळताना एवढे तंटे का होतात, आणि मजूर त्यात कुठे अडकतो, ते आपण पाहू.

आपला वरवंडचा परिसर डोळ्यांपुढे आणा. दौंड तालुक्यात जागोजाग गुऱ्हाळे आहेत. चरकात ऊस घालणारा गडी, उकळत्या काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या, चुलवाणात चिपाड कोंबणारा माणूस, या तिघांनाही रोज जपून राहावे लागते. पाटसला साखर कारखाना आहे. कुरकुंभला रसायनांचे कारखाने आहेत. पुणे-सोलापूर रस्त्यावर रात्रंदिवस मालट्रक धावतात. कुणी विहीर खोदायला उतरतो, कुणी विजेच्या खांबावर चढतो. अपघात सांगून येत नाही.

कायद्यात शब्द असे आहेत : अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झालेला असावा. ऐकायला किती साधे वाटते! पण कितीतरी तंटे या एवढ्याशा वाक्यावरूनच झाले. त्यातला एक आपल्याच महाराष्ट्रातला आहे. तो आम्ही जरा सविस्तर सांगतो.

धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादेत, एका साखर कारखान्यावर एक रखवालदार होता. त्याची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११ अशी होती. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटारसायकलवरून कामावर निघाला. कारखाना साधारण ५ किलोमीटर उरला असताना अपघात झाला आणि तो गेला. मागे बायको, चार मुले आणि म्हातारी आई. त्यांनी भरपाई मागितली. विमा कंपनी म्हणाली, माणूस अजून कारखान्याच्या फाटकात शिरलाच नव्हता, मग हा कामावरचा अपघात कसा?

भरपाईचे दावे चालवणाऱ्या अधिकाऱ्याला कमिशनर म्हणत. उस्मानाबादच्या कमिशनरने २००९ साली घरच्यांच्या बाजूने निकाल दिला. ३,२६,१४० रुपये आणि त्यावर दरसाल १२ टक्के व्याज. कंपनी उच्च न्यायालयात गेली. २०११ साली तिथे निकाल उलटला. घरचे दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ जुलै २०२५ रोजी तिथे निकाल लागला, आणि कमिशनरचा निकालच बरोबर ठरला.

न्यायालयाने काय विचार केला? राज्य विमा योजना म्हणून कारखान्यातल्या कामगारांसाठी दुसरा एक कायदा आहे. त्यात २०१० साली एक कलम घातले गेले. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना अपघात झाला, आणि वेळ, जागा व काम यांचा संबंध जुळला, तर तो कामावरचाच अपघात धरावा, असे ते कलम सांगते. दोन्ही कायद्यांचा हेतू एक, शब्दही तेच. मग अर्थ वेगळा का लावायचा? हा रखवालदार पहाटेच्या पाळीला थेट कारखान्याच्या वाटेने निघाला होता. संबंध जुळत होता. म्हणून भरपाई मान्य झाली.

निकाल चांगला झाला, यात शंका नाही. पण तारखा पुन्हा वाचा. अपघात २००३ चा, अखेरचा निकाल २०२५ चा. बावीस वर्षे! दावा तीन महिन्यांत निकाली काढावा, असे कलम २००९ सालीच कायद्यात घातले होते. कलम कागदावर राहिले. आम्हाला तरी हा उशीर लाजिरवाणा वाटतो. ३,२६,१४० रुपयांवर १२ टक्क्यांनी दरसालचे व्याज ३९,१३६ रुपये होते. बावीस वर्षांचे व्याज मुद्दलाच्या अडीचपटीच्या पुढे जाते. हक्काचा पैसा वेळेवर न देणे देणाऱ्यालाही असे महाग पडते.

कामाची हद्द फाटकापाशीच संपत नाही, हे मात्र नवे नाही. मुंबईच्या बेस्ट कंपनीचा एक बस-ड्रायव्हर १९५७ साली पाळी संपवून, बस डेपोत लावून, बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला. वाटेत त्या बसला अपघात झाला आणि तो मेला. पाळी तर संपली होती. तरी १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली. ड्रायव्हरने बसने ये-जा करावी ही सोय कामाच्या सोयीसाठीच होती, असे बहुमताने ठरले. पण याचा अर्थ कुठेही, कसाही अपघात झाला तरी चालतो, असा घेऊ नका. कामावरून सुटून माणूस लग्नाला दुसऱ्या गावी गेला आणि तिथे पडला, तर संबंध तुटला.

संबंध नुसता असून भागत नाही, तो दाखवताही यावा लागतो. ट्रकच्या दोन माणसांची प्रकरणे ऐका. एक ड्रायव्हर दिल्लीहून हजारावर किलोमीटर गाडी हाकत झारखंडला गेला. वाटेत त्याला अस्वस्थ वाटले, आणि तो हृदय बंद पडून मेला. सलग गाडी चालवण्याचा ताण नडला, हे दिसत होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली. दुसरा एक ट्रकवरचा क्लीनर, ऐन विशीतला पोरगा. तोही हृदय बंद पडूनच गेला. पण त्याच्यावर कामाचा काय ताण पडला, याचा पुरावा कुणी दिला नव्हता. २००६ साली त्याच न्यायालयाने मागणी फेटाळली. दुःख दोघांच्या घरी सारखेच होते.

दुसरा तंटा मालक कोण यावरून होतो. "तो माझा गडी नाही, मुकादमाचा आहे," असे मालक म्हणतो. मुकादम म्हणतो, "मी तर नुसती माणसं आणून दिली." दोघांच्या मध्ये मजूर. कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. मालकाने आपल्या धंद्यातले काम ठेकेदाराकडून करवून घेतले, तरी त्या जागी झालेल्या इजेची भरपाई मालकाकडे मागता येते. मग मालकाने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. ते त्यांचे ते बघतील. रोजंदारीचा माणूस म्हणून नाही म्हणायचे, हीही पळवाट २००० साली बंद झाली.

तिसरे वाक्य तर ठरलेलेच असते : "चूक त्याचीच होती. नीट बघून ऊस घालायला काय झालं होतं?" बरे, चूक असेल. पण या कायद्यात मालकाची चूक दाखवावी लागत नाही, आणि मजुराची साधी चूक, घाई, बेसावधपणा यांमुळे हक्क जात नाही. दारू पिऊन कामावर आला, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्रावरचे संरक्षक झाकण मुद्दाम काढले, अशाच वेळी मालकाला नाही म्हणता येते. त्यातही माणूस मेला किंवा कायमचा पुरा निकामी झाला, तर ही कारणे चालत नाहीत.

आता अंगठ्याकडे येऊ. समजा, गुऱ्हाळावर काम करणारा ३० वर्षांचा गडी आहे. महिन्याला त्याला १२,००० रुपये पडतात. चरकात सापडून त्याचा अख्खा अंगठा गेला. कायद्याच्या जोडपत्रात कोणता अवयव गेला तर कमाईची किती शक्ती गेली, हे लिहिलेले आहे. अंगठा म्हणजे ३० टक्के. एका हाताची चारही बोटे म्हणजे ५० टक्के. एक डोळा जाऊन दुसरा चांगला राहिला तर साधारण ४० टक्के.

हिशोब असा. पगाराचे ६० टक्के धरायचे, म्हणजे ७,२०० रुपये. त्याला वयाच्या आकड्याने गुणायचे. कोष्टकात ३० वर्षांपुढे आकडा आहे २०७.९८. गुणाकार आला १४,९७,४५६ रुपये. ही पुऱ्या निकामी झालेल्या माणसाची रक्कम. त्याचे ३० टक्के म्हणजे ४,४९,२३६ रुपये. माणूस मेला असता तर ६० ऐवजी ५० टक्के पगार धरून वारसांना पुरी रक्कम मिळाली असती. पगार फार मोठा असला तरी हिशोबाला एक हद्द असते. ३ जानेवारी २०२० पासून ती १५,००० रुपये ठरली.

वय वाढले की कोष्टकातला आकडा उतरतो. आपल्याच गड्याचे वय कागदावर चुकून ४० पडले, तर आकडा होतो १८४.१७, आणि भरपाई येते ३,९७,८०७ रुपये. म्हणजे वयाच्या एका चुकीने ५१ हजारांचे नुकसान. म्हणून दाखला लागतो. आम्ही शाळेत असताना दाखले लिहिता लिहिता बोटे दुखून यायची. पोराचे नाव घालायला आलेला बाप जन्मतारीख विचारली की म्हणायचा, "लिवा की मास्तर काहीतरी, आखाडात झालंय." त्या "काहीतरी"ची किंमत अशी असते.

जोडपत्रात नसलेली इजाही असते. कंबरेला मार बसला, गुऱ्हाळाच्या वाफेने हात भाजला. तिथे डॉक्टरने किती शक्ती गेली ते ठरवायचे असते. त्यात कामाचाही विचार होतो. ओडिशात १९६८ साली एक सुतार थिएटरच्या कामावरून पडला. त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालक म्हणाला, एकच हात गेला आहे, पुरी भरपाई कशी? १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून तो सुतार पुरा निकामी झाला. त्याला ९,८०० रुपये मिळाले. शिवाय मालकाला दंड आणि व्याज. रक्कम त्या काळची आहे. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणे होते, हेही त्याच निकालात ठरले.

इजा बरी होणारी असेल तर वेगळी रीत. तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडाले तर दर पंधरा दिवसांना महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा द्यायचा, म्हणजे महिन्याला अर्धा पगार. "दवाखान्याचं बिल मी भरलं, आता कसली भरपाई?" असे मालकाला म्हणता येत नाही. औषधपाण्याचा खर्च निराळा, भरपाई निराळी.

इथे कागदाची गोष्ट आली. अपघात झाला की आठ-दहा दिवसांत कुणी तरी मध्यस्थ घरी येतो. गोड बोलतो. "कोर्टकचेरी कशाला? हे वीस हजार घ्या, इथं अंगठा करा." कागदावर लिहिलेले असते की माझी काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही. ज्या माणसाचा अंगठा चरकात गेला, त्याच्या दुसऱ्या हाताचा अंगठा कागदावर उठतो. असा कागद आम्ही हातात धरून वाचला आहे. वाचायला येणारे त्या घरात त्या दिवशी कुणी नव्हते.

असल्या कागदाला कायदा मानत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दच समजतात. आपापसात रक्कम ठरली तर तो करार अधिकाऱ्यापुढे नोंदवावा लागतो, आणि रक्कम तुटपुंजी असेल किंवा फसवून, दाबून सही घेतली असेल तर अधिकारी नोंद नाकारू शकतो. माणूस मेला असेल तर पैसे घरी आणून देणे चालतच नाही. ते अधिकाऱ्याकडे जमा करायचे, आणि बायको, मुले, आई यांना किती किती ते अधिकाऱ्याने ठरवायचे. दीर, भावकी यांनी नव्हे. आणखी एक. पुष्कळ मजुरांनी हंगामाआधी उचल घेतलेली असते. ती भरपाईतून कापून घेता येत नाही. उचलीचा हिशोब वेगळा मांडावा.

आम्ही मालकांच्या विरुद्ध बोलतो आहोत असे समजू नका. गुऱ्हाळवाला हाही शेतकरीच. साडेचार लाख त्याच्या पेटीत नसतात, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच त्याने मजुरांचा विमा उतरवावा. दरसाल हप्ता भरला की असल्या वेळी विमा कंपनी पैसे देते, आणि घरावर गाय विकायची पाळी येत नाही.

कुरकुंभसारख्या ठिकाणी कारखान्याला राज्य विमा योजना लागू असेल, तर हा दावा करायचा नसतो. भरपाई त्या योजनेतूनच मिळते, तीही दरमहा. पगारातून पावणा टक्का कापला जात असेल तर तुम्ही त्या योजनेत आहात. विम्याचा नंबर मागून घ्या. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी तो हक्क असतो. स्वतःच्या शेतात स्वतःचे काम करताना इजा झाली तर मालकच नाही, मग हा कायदाही नाही. तिथे तालुका कृषी अधिकाऱ्याकडे शेतकऱ्यांच्या अपघात योजनेची चौकशी करावी.

कायद्याचे नाव आता बदलले आहे, तेही माहीत असावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. त्यात भरपाईचे वेगळे प्रकरण आहे. वर सांगितलेली मुख्य तत्त्वे त्यात तशीच आहेत. कामावर जाता-येताना झालेल्या अपघाताचे कलम तर आता त्यातच स्पष्ट लिहिले आहे. कमिशनरला आता सक्षम प्राधिकारी म्हणतात. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुना कायदा बघितला जातो. त्यात एक महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड होता.

दावा दोन वर्षांच्या आत करावा. अपघात जिथे झाला तिथे किंवा आपण राहतो तिथेही तो करता येतो. त्यामुळे परगावाहून तोडीला आलेल्या मजुराच्या विधवेने दौंडला खेटे घालायची गरज नाही. तिच्या जिल्ह्यात ती मागू शकते. वकिलाला पैसे नसतील तर दौंडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रियांना, कामगारांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथे फुकट वकील मिळतो. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येते.

पण हे सारे पुढचे. तंटा बहुधा पहिल्या दोन-चार दिवसांतच जिंकला किंवा हरला जातो. दवाखान्यात डॉक्टर विचारतो, कसे लागले? बरोबर आलेला माणूस म्हणतो, "घरी पडला." केसपेपरवर तेच लिहिले जाते, आणि पुढे ते पुसता येत नाही. म्हणून दुखणाऱ्या माणसाने किंवा त्याच्या बायकोने स्वतः सांगावे : चरकात हात गेला, अमक्याच्या गुऱ्हाळावर, अमक्या वेळी. केसपेपरची प्रत घ्यावी. बरोबर काम करणाऱ्या दोघांची नावे लिहून ठेवावीत. परप्रांतीय गडी हंगाम संपला की आपल्या मुलखाला जातात, मग साक्षीदार सापडत नाही. मजुरी फोनवरून येत असेल तर त्याचा पुरावा बँकेच्या पुस्तकात असतो. हातात रोकड मिळत असेल तर वहीत रोजच्या रोज लिहावी. मालक आपल्या खर्चाने डॉक्टरकडून तपासून घेतो म्हणाला तर नाही म्हणू नये.

आणि मालकाला लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले कुणी कबूल करीत नाही. नमुना असा :

"श्री. ............ यांस,
मु. पो. वरवंड, ता. दौंड, जि. पुणे.
मी आपल्या गुऱ्हाळावर चरकात ऊस घालण्याचे काम करतो. तारीख ........ रोजी सकाळी ..... वाजता काम करताना माझ्या उजव्या हाताचा अंगठा चरकात सापडून तुटला. त्या वेळी ........ व ........ हे कामावर हजर होते. मी ........ येथील दवाखान्यात आहे. मला महिना ........ रुपये मजुरी मिळते. कायद्याप्रमाणे मला भरपाई द्यावी.
सही ............ तारीख ............"

पत्राच्या दोन प्रती कराव्यात. एक मालकाला देऊन दुसरीवर त्याची सही घ्यावी. तो सही देत नसेल तर पोस्टाने पाठवावे. जुने रजिस्टर टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिसळले आहे, म्हणून खिडकीवर पोच मिळणारे स्पीड पोस्ट मागावे, आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवावी. उजव्या हाताला पट्टी असेल तर सही डाव्या हाताने करा. वेडीवाकडी आली तरी चालते.